सिंधूच्या जोडीची

मूल गावच्या बसस्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा आईचं सगळं लक्ष माझ्या बॅगांवर होतं आणि सिंधूचं माझ्या पायांकडे. परदेशात जायचं म्हणून मी नवे सँडल घेतले होते. त्यांना बोटभर टाच होती. सिंधू शेजारी येऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून पाहिला आणि म्हणाली, "काढ व ते सँडल. मोठी दिसून राह्यली तू माह्यापेक्षा."

मी काढले. चारचौघांत, तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. खांदे बरोबरीला आले तशी ती म्हणाली, "हां. आता बरोबर. मोठी मी हाय, ध्यानात ठेवजो. तिकडं जाऊन मोठी नको होऊ." तिची पाच वर्षांची पल्लवी तिच्या साडीचा पदर धरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. आई म्हणाली, "पोचली का फोन करजो," आणि बॅगांच्या चेन परत एकदा ओढून पाहिल्या. गाडी निघाली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण गाव संपता संपता लक्षात आलं की सँडल अजून माझ्या हातातच आहेत. ते घालेपर्यंत मूल मागे पडलं होतं.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना जोडीची म्हणजे काय हे सांगायला नको. माझ्यासारखे जे बाहेर पडलात ते कदाचित विसरला असाल. आमच्या गावात पोराचं वय विचारलं तर आकडा क्वचित ऐकू येतो. अमक्याच्या जोडीचा, तमकीच्या जोडीची, असं सांगतात. ऐकणाऱ्याला तो अमका माहीत असतो, काम भागतं. माझ्या आईला जोडीचं कुणी उरलं नाही, म्हणून ती स्वतःचं वय सांगते ते असं : "बोडीची पाळ फुटली तवा मी पाळण्यात होती." बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. त्याची पाळ कधी फुटली हे गावात आज कुणालाच सांगता येत नाही, पण त्याचं आईला काही वाटत नाही. तिने उत्तर दिलेलं असतं, पुढचं विचारणाऱ्याने पाहून घ्यावं.

मी सिंधूच्या जोडीची. विहाराच्या मागच्या गल्लीत आमची घरं एका भिंतीला दोन बाजूंनी टेकलेली. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना आठवडी बाजाराच्या दिवशी सिंधू जन्मली आणि चार दिवसांनी मी. दोघींच्या आया एकाच बांधीत, भाताच्या खाचरात, रोवायला जायच्या. त्या वर्षी दोघी एकदमच घरी बसल्या म्हणून शेतमालकाने बरेच दिवस तोंड वाजवलं, असं आई अजून मजेत सांगते. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी आम्हा दोघींना एक जुलै ही जन्मतारीख देऊन टाकली. निम्म्या गावाची तीच आहे. पण घरात आमचं वय वाढायचं ते रोवण्याला. पहिल्या दिवशी चिखलाने भरलेल्या पायांनी आई दारात यायची आणि भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात ओरडायची, "रोवणा लागला व पोट्ट्यांहो! एका वर्साच्या मोठ्या झाल्या अजून!" पलीकडून सिंधूची आई "ओ" द्यायची. झाला वाढदिवस. ओवाळणं नाही, केक तर नाहीच नाही.

त्या "ओ"चं मोल मला फार उशिरा कळलं. सिंधूला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द शाळकरी पोरांनाही माहीत असतो. थंडी पडली, ताप आला, जास्त दमली की तिच्या हातापायांत कळा यायच्या आणि रक्त चढवायला चंद्रपूरला न्यावं लागायचं. ती लहान असताना कुणी डॉक्टर तिच्या आईला बोलून गेला होता की ही पोरगी फार वर्षं काढायची नाही. ते वाक्य दोन्ही घरांत ठाण मांडून बसलं होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. फक्त रोवणा लागला की सिंधूची आई जरा जास्तच मोठ्याने ओ द्यायची. सिंधू दहावी झाली, तिचं लग्न झालं, पल्लवी झाली. सासर काही जमलं नाही, तेव्हा पोरीला घेऊन ती भिंतीपलीकडे परत आली. दर रोवण्याला मला ऐकवायची, "पाय, अजून मोठी मीच हाय." मीही ऐकून घ्यायचे. ते ऐकायला मिळणं हीच चैन होती.

मी नर्सिंग करून नागपूरच्या एका दवाखान्यात लागले. लग्न झालं. नवरा टाइल्सच्या कारखान्यातला मशीन मेकॅनिक, आधी गुजरातेत आणि मग थेट स्पेनमध्ये, कास्तेयोन नावाच्या गावात. पाच वर्षं झाली मला इथे येऊन.

पहिला हिवाळा मी घरातच काढला. मग नगरपालिकेच्या प्रौढांच्या शाळेत संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई मारिसोल, आणि बाकांवर मोरोक्कोच्या बायका, सेनेगलचे दोन भाऊ, युक्रेनच्या एक आजी, मी. नाव-गाव झाल्यावर दुसराच धडा वयाचा. तुमच्यापैकी कुणी ही भाषा शिकायला घेतली तर तुम्हालाही हाच धडा लागेल, म्हणून सांगून ठेवते. इथे माणूस तीस वर्षांचा नसतो, त्याच्याजवळ तीस वर्षं असतात. "क्वांतोस आन्योस त्येनेस?" म्हणजे किती वर्षं आहेत तुझ्याजवळ? त्यावर "तेंगो" म्हणायचं, माझ्याजवळ आहेत, आणि आकडा सांगायचा. आपण गोठ्यातली ढोरं सांगतो तसं. आकडे जरा जड जातात, पण इथले लोक समजून घेतात. वय विचारायला लाजत नाहीत, सांगायलाही लाजत नाहीत.

मग आला तुलनेचा धडा. तुझ्यापेक्षा मोठं कोण, धाकटं कोण, तुझ्या वयाचं कोण. सगळ्यांनी भाऊ-बहिणींची वयं सांगितली. माझ्यापाशी आल्यावर मारिसोलने आधी माझं वय विचारलं, आणि आकडा तोंडाशी यायच्या आत जिभेने सवयीचं उत्तर दिलं : "तेंगो ला मिस्मा एदाद के सिंधू." सिंधूएवढं आहे माझं वय. मारिसोल म्हणाली, बरं, आणि सिंधूचं किती? मी म्हटलं, माझ्याएवढं. वर्ग हसायला लागला. मला हसण्यासारखं काही दिसेना. जे गावात वर्षानुवर्षं चाललं ते इथे का चालू नये, हेच मला कळत नव्हतं. पुढे तो वर्गाचा खेळच झाला. नवे लोक आले की वयाचा धडा परत व्हायचा, आणि माझी पाळी आली की मारिसोल विचारायची, "इ सिंधू?" आणि सिंधू. जुने सगळे एका सुरात ओरडायचे, "ला मिस्मा!" तेवढंच!

मी हे सिंधूला फोनवर सांगितलं. ती खोकला लागेपर्यंत हसली. "बाप्पा! स्पेनात माहं नाव चालते? मंग सांग त्याहिले, मी मोठी हाय म्हणून." पुढच्या वर्गात मी ते सांगितलं. 'मायोर', मोठी, हा शब्द मी त्यासाठीच शिकले.

भाषा जरा आली तशी मला इथल्या वृद्धाश्रमात काम मिळालं. नर्सचं नाही, त्याला इथल्या परीक्षा लागतात. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. त्यांत आम्पारो म्हणून एक आजी आहेत. त्यांना काल काय झालं ते आठवत नाही, सकाळचं दुपारी आठवत नाही. रोज मी त्यांचे केस विंचरायला घेतले की आरशात माझ्याकडे पाहून त्या विचारतात, क्वांतोस आन्योस त्येनेस? मी आकडा सांगते. त्या डोळे मोठे करून म्हणतात, "के होवेन!" किती लहान! रोज तितक्याच नवलाने. मला ते आवडायचं.

गेल्या हिवाळ्यात आईचा फोन आला. आई फोनवर कधी मुद्द्याचं आधी बोलत नाही. जेवली का, थंडी किती, असं सगळं होऊ द्यावं लागतं. त्या दिवशी पहिल्याच वाक्यात म्हणाली, "आपली सिंधू वारली व, वैशू."

मी नर्सचे प्रश्न विचारले. ताप कधीपासून होता, रक्त किती उतरलं होतं, ऑक्सिजन लावला का. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तरी ती बिचारी जमेल तसं सांगत राहिली. माझं इथे राहण्याचं कार्ड तेव्हा नूतनीकरणाला गेलेलं होतं, निघणं शक्य नव्हतं. निघाले असते तरी काही हाती लागलं नसतं. फोन ठेवला, भात लावला, आणि संध्याकाळी वर्गाला गेले. वर्गात नवी एक बाई आली होती. मारिसोलने विचारलं, "इ सिंधू?" सगळे ओरडले, "ला मिस्मा!" मी मान हलवली. कुणाला काही सांगितलं नाही. मला काही वाटतच नव्हतं, मग सांगणार काय? रोवण्यात दिवसभर चिखलात पाय रुतलेले असतात तेव्हा काटा गेला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. फक्त इथे पाय बाहेर काढायची वेळच येत नव्हती.

दुसऱ्या सकाळी आम्पारोंनी विचारलं, क्वांतोस आन्योस त्येनेस? मी म्हटलं, त्रेइन्ता इ क्वात्रो. चौतीस. "के होवेन!" त्या म्हणाल्या. किती लहान! मी पलंगाच्या कडेला बसले. रडले नाही. आम्पारोंनी माझ्या हातातला कंगवा घेतला आणि माझेच केस विंचरायला लागल्या. मी विंचरून घेतले. मग उठून पुढच्या खोलीत गेले.

असेच महिने गेले. मी कामाला जात होते, वर्गाला जात होते, आईला फोन करत होते. पल्लवी तिच्या आजीजवळ आहे, शाळेत जाते, हे आई सांगायची आणि मी हूं म्हणायचे. सिंधूच्या आईशी बोल म्हणायची, तेव्हा मला काहीतरी काम निघायचं.

एक जुलै आला. इथली रीत उलटी आहे. ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. मी नेहमीप्रमाणे वृद्धाश्रमात शेंगदाण्याचे लाडू नेले. दुसरी रीत अशी की जितकी वर्षं झाली तितक्या वेळा वाढदिवसवाल्याचा कान ओढतात. आमच्याकडे कान ओढतात ते पाढा चुकल्यावर. कान ओढायचा मान आम्पारोंना दिला. त्या मोठ्याने मोजत हलके हलके ओढू लागल्या, मधेच मोजणं विसरल्या, परत पहिल्यापासून सुरू केलं, परत विसरल्या. शेवटी मलाच विचारलं, तुझ्याजवळ आहेत तरी किती?

मी म्हटलं, चौतीस.

कामावरच्या बायकांनी मोजून दिलं तसा त्यांनी चौतीस वेळा ओढला आणि सोडला. त्या बायका ओरडल्या, पस्तीस, पस्तीस, अजून एक! मी डोकं मागे घेतलं. कान दुखतोय, असं सांगितलं.

कान दुखत नव्हता. पस्तिसावं मला नको होतं, एवढंच. सिंधू चौतिसावर थांबली आहे. मी पुढे गेले की मी मोठी, आणि ती कायमची धाकटी. आयुष्यभर तिने जी एक गोष्ट मिरवली ती मी तिच्यामागून काढून घ्यायची, हे मला करायचं नव्हतं. आरशात आम्पारोंना रोज चौतीस सांगत राहिले. बँकेतल्या मुलीलाही तेच सांगितलं. नवरा म्हणाला, "तुझा पासपोर्ट काही वेगळंच म्हणतो." मी म्हटलं, म्हणू दे. तसंही पासपोर्टवरची तारीख गुरुजींची. खरं वय रोवण्याला वाढतं, आणि रोवणा अजून लागायचा होता. मी त्या फोनला घाबरून होते.

इथेही भात पिकतो. व्हालेन्सियाच्या पलीकडे, तळ्याकाठी, नजर पोहोचेल तिथपर्यंत. आम्ही एकदा मुद्दाम पाहायला गेलो होतो. मशीन पाण्यातच बी फेकून जातं. उपटून लावायची रोपं, आपले परे, नाहीत, रोवणा नाही, कमरेत वाकलेल्या बायका नाहीत. हिरवा रंग मात्र अगदी तोच. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "मंग तिथी कोणी मोठं होत नाई काय?" तेव्हा मी हसले होते.

फोन आला तेव्हा मी सुट्टीवर होते, दुपारची भांडी घासत होते. तिकडे संध्याकाळ. आईने जेवणाचं विचारलं, उन्हाचं विचारलं. मग म्हणाली, "रोवणा लागला," आणि तिथेच थांबली. दर वर्षी ती हे फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून ओरडायची आणि मला इथे पलीकडचा ओ ऐकू यायचा. या वर्षी ओरडली नाही. मला नळ बंद करायचं सुचलं, तेवढं केलं.

मग फोनवर पल्लवी आली. आता दहा वर्षांची आहे. आवाज सिंधूसारखाच, थोडा घोगरा.

"मावशी, किती वर्साची झाली व तू?"

"काऊन व?" मी विचारलं. का गं म्हणायला तोंडातून अजून तेच येतं.

"मी आजीले पुसलं, माही आई आता किती वर्साची असती म्हणून. आजी म्हणे, मले काय माईत, वैशूमावशीले पूस. ती जेवढी, तेवढी तुही आई."

मागून माझी आई तिला दबक्या आवाजात रागवत होती, "असं नाई पुसत बाई, दे फोन इकडं." पल्लवीने फोन दिला नाही. ती वाट पाहत होती.

चौतीस माझ्या जिभेवर तयार होतं, सहा-सात महिने तेच तर सांगत होते. पण ही पोर पुढच्या रोवण्यालाही विचारणार, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं. तेव्हाही चौतीस सांगायचं? आणि त्याच्या पुढच्या? पोर वाढत जाणार, आणि एक दिवस तीच आईच्या वयाची होऊन बसणार. आई कुठे थांबली हे तिला माहीत होतं. ते तिने विचारलंच नव्हतं. आता किती, एवढंच तिला हवं होतं, आणि ते सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं.

"पस्तीस," मी म्हटलं.

"पस्तीस?" ती म्हणाली. मग फोन तोंडापासून लांब झाला आणि ती भिंतीकडे ओरडली, "आजी! पस्तीस!"

पलीकडून सिंधूच्या आईने ओ दिला. लांबून आला, पण आला, आणि चांगला मोठा होता.

तेव्हा मी रडले. तोंडावर ओला हात ठेवून, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ते कळलं की नाही देव जाणे, कारण तिचं दुसरंच चाललं होतं.

"मंग मावशी, तू मोठी का माही आई?"

"तुही आई. चार दिवसानं."

"हां," पल्लवी म्हणाली. "आता बरोबर."

फोन ठेवला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उभी होते. दुसऱ्या दिवशी आम्पारोंनी विचारलं आणि मी पस्तीस सांगितलं, त्यांनी नेहमीसारखं के होवेन म्हटलं. मीच डोकं पुढे केलं आणि कानाकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा ओढला. का ओढायचा हे त्यांनी विचारलं नाही.

गाव आता माझं किती उरलंय, मला सांगता येणार नाही. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला म्हणतात, आमची भिंतही पाडून दोन वेगळ्या घालायचं चाललंय. तिथली निम्मी पोरं मला ओळखणार नाहीत. पण माझं वय तिथेच राहतं, आणि तिथल्या एका पोरीला ते दर वर्षी लागणार आहे. माझ्यापुरतं घर आता तेवढंच आहे. पुढच्या रोवण्याला फोन येईल, तेव्हा अजून एक वर्ष सांगायचं आहे, दोघींचं.